उडालेल्या फ्यूजची साक्ष

विद्युत उपकरणाचे बहुतेक भाग बळकट असावेत म्हणून रचनाकार झटत असतो, परंतु एक भाग तो समजून-उमजून दुबळा ठेवतो, आणि तो म्हणजे फ्यूज, ज्याला शालेय विज्ञानात वितळतार म्हणतात. तारेतून विद्युतप्रवाह वाहू लागला की ती तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. या नियमाचा आधार घेऊन ठरावीक मर्यादेपलीकडे वितळून जाईल अशी बारीक तार मार्गात ठेवली, की पुढील महागडे भाग जळण्याआधी किंवा आग लागण्याआधी वीज तुटते. मीटरशेजारच्या चिनी मातीच्या किटकॅटमध्ये बांधलेली तार आणि जुन्या व्हिडिओ गेमच्या मॉनिटरमध्ये बसवलेली काचेची छोटी नळी यांचे तत्त्व एकच आहे. म्हणूनच फ्यूज उडणे हा बिघाड नसून बिघाडाची खबर आहे, आणि ती खबर नीट वाचता येणे हेच दुरुस्तीचे पहिले कौशल्य आहे.

पडदा कोणता, पेटी कोणती

नाणे किंवा टोकन टाकून खेळण्याच्या उभ्या यंत्रांना जगभर आर्केड यंत्रे म्हणतात. १९७२ मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीचे ‘पाँग’, १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० मध्ये नामको कंपनीचे ‘पॅक-मॅन’ आले, आणि पुढील दोन दशकांत ही यंत्रे भारतातील शहरांत व तालुक्याच्या गावांत पोहोचली. महाराष्ट्रात त्यांच्या दुकानाला व्हिडिओ गेम पार्लर हे नाव रुळले, आणि कॅपकॉम कंपनीचा १९९३ मधील ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ त्यातील एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच मुलांच्या तोंडी राहिला.

या पेटीतील पडदा म्हणजे मूलतः दूरचित्रवाणी संचच असतो, फक्त त्यात प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर नसतो आणि लाल, हिरव्या व निळ्या रंगांचे संकेत खेळाच्या सर्किट बोर्डाकडून थेट येतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या ऋणकिरण नलिकेचाच विकास म्हणजे आपली पिक्चर ट्यूब, आणि तिच्याभोवतीचे विद्युतमंडल आर्केडमध्ये व घरातील टीव्हीत जवळजवळ सारखे असते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आल्यावर महाराष्ट्रात टीव्ही दुरुस्तीचा जो व्यवसाय वाढला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या अभ्यासक्रमातून जे कारागीर बाहेर पडले, त्यांचे ज्ञान म्हणूनच या यंत्रांनाही लागू पडते. परदेशी पुस्तिका हाताशी नसली तरी जाणत्या टीव्ही कारागिराला आर्केडचा मॉनिटर परका नाही.

काचेतील खुणा

उडालेला फ्यूज काढल्यावर तो लगेच फेकून न देता उजेडात धरून पाहावा. तार एखाद्या ठिकाणी नुसती तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर प्रवाह मर्यादेपेक्षा थोडाच अधिक होता किंवा वर्षानुवर्षे तापून-थंडावून तार थकली होती, असा अर्थ निघतो. काच आतून काळी पडली असेल किंवा तिच्यावर धातूचा चंदेरी लेप बसला असेल, तर तारेची क्षणात वाफ झाली आणि पुढे कुठेतरी थेट शॉर्ट, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहण्याची वाट तयार झाली आहे, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. पहिल्या प्रकारात नवा फ्यूज एकदा घालून पाहणे क्षम्य आहे. दुसऱ्या प्रकारात तो घालणे म्हणजे तोही घालवणे.

फ्यूजच्या टोपणावरील अक्षरेही वाचावीत. इंग्रजी ‘टी’ हे अक्षर संथ फ्यूजचे आणि ‘एफ’ हे जलद फ्यूजचे चिन्ह आहे, आणि हा भेद मॉनिटरमध्ये फार महत्त्वाचा ठरतो. २३० व्होल्टवर ८० वॉट वीज घेणारा संच सरासरी जेमतेम पाव ते अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. तरीही त्यात दोन किंवा सव्वातीन अँपिअरच्या आसपासचा संथ फ्यूज दिलेला आढळतो, कारण बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी रिकामे कंडेन्सर भरताना आणि पडद्याचे चुंबकत्व पुसणारे वेटोळे चालताना प्रवाहाची लाट येते, जी संथ फ्यूज सहन करतो आणि त्याच आकड्याचा जलद फ्यूज करत नाही. त्यामुळे कोणताही दोष नसलेल्या यंत्रातही चुकीच्या जातीचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडू शकतो. भारतातील संचांत बहुधा २० मिलिमीटर लांबीची नळी असते, तर अमेरिकी मॉनिटरमध्ये सुमारे ३२ मिलिमीटरची. लांबी जुळत नाही म्हणून तार गुंडाळून काम भागवण्याचा मोह इथूनच सुरू होतो.

विजेची वाट आणि संशयितांची रांग

बिघाड शोधायचा तर वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने तपास करावा लागतो. फ्यूजच्या पुढे पहिला भेटतो तो पोझिस्टर, म्हणजे तापला की ज्याचा रोध वाढतो असा छोटा भाग. पिक्चर ट्यूबभोवती गुंडाळलेल्या डीगॉसिंग कॉइलमध्ये तो सुरुवातीचे काही क्षण प्रवाह जाऊ देतो, त्यामुळे पडद्यावरील चुंबकत्वाने उमटलेले रंगांचे डाग पुसले जातात, आणि मग स्वतः तापून तो प्रवाह जवळजवळ थांबवतो. वयोमानाने त्याच्या आतील गोळी तडकते आणि फ्यूज उडतो. तपासणी सोपी आहे: कॉइलचा जोड सोडवून आणि पोझिस्टर काढून पाहावे, फ्यूज टिकला तर दोष तिथेच होता, आणि तोवर संच चालतोही, फक्त रंगांचे डाग जात नाहीत.

दुसरा संशयित म्हणजे ब्रिज रेक्टिफायर, म्हणजे प्रत्यावर्ती विजेचे दिष्ट विजेत रूपांतर करणारे चार डायोड. डायोड ही एकाच दिशेने उघडणारी झडप असते. मल्टिमीटरच्या डायोड स्थितीत ती एका दिशेने सुमारे अर्धा ते पाऊण व्होल्ट दाखवते आणि उलट दिशेने काहीच दाखवत नाही. दोन्ही दिशांनी शून्य आले तर तो डायोड शॉर्ट आहे, आणि एक शॉर्ट सापडला तरी चारही बदलणे शहाणपणाचे, कारण एकाच धक्क्याने बाकीचेही दुखावलेले असतात.

तिसरा म्हणजे मुख्य फिल्टर कंडेन्सर, जो रेक्टिफायरमधून आलेली खडबडीत वीज सपाट करतो. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते, म्हणून इथे ४०० व्होल्टचा कंडेन्सर लागतो. डोके फुगलेला, बुडाशी ओल आलेला किंवा मीटरवर चार्ज होताना न दिसता शून्यावरच अडकलेला कंडेन्सर निकामी समजावा. अमेरिकेसाठी बनलेला १२० व्होल्टचा मॉनिटर रोहित्राविना थेट आपल्या विजेवर जोडला, तर तिथला कमी व्होल्टचा कंडेन्सर फुटतो आणि फ्यूजला दोष दिला जातो.

चौथा आणि सर्वांत बदनाम संशयित म्हणजे हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर. पडद्यावर किरण डावीकडून उजवीकडे सेकंदाला पंधरा हजारांहून अधिक वेळा ओढण्याचे काम हा करतो, आणि त्याच वेळी तो ज्या ट्रान्सफॉर्मरला हिसके देतो, त्यातून पिक्चर ट्यूबला लागणारे वीस हजार व्होल्टांच्या घरातील दाब तयार होतात. या ट्रान्सफॉर्मरला आपले कारागीर एलओटी किंवा ईएचटी म्हणतात. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि एमिटर या पायांमध्ये दोन्ही दिशांनी शून्य रोध दिसला, तर तो मेला आहे.

मेला तो का मेला

अननुभवी हात नवा ट्रान्झिस्टर लावतो, फ्यूज घालतो, बटण दाबतो आणि दोन्ही पुन्हा गमावतो. हा ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा आपल्या मरणाने मरत नाही. एलओटीच्या आतील वेढ्यांमध्ये शॉर्ट झाला, शेजारचा ट्यूनिंग कंडेन्सर निकामी होऊन विजेचा हिसका त्याच्या १५०० व्होल्टच्या मर्यादेपलीकडे गेला, किंवा त्याला चालना देणाऱ्या छोट्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी सोल्डर सुटला, तर नवा ट्रान्झिस्टरही काही क्षणांचाच सोबती ठरतो. पायांभोवती बारीक वर्तुळाकार भेग दिसणारा हा ड्राय सोल्डर आर्केडमध्ये विशेष आढळतो, कारण बंद प्लायवूडच्या पेटीत मॉनिटर दिवसभर तापतो, रात्री थंडावतो, आणि खेळणारी मुले बटणांवर व दांड्यावर मारत असलेले धक्के बोर्डापर्यंत पोहोचत राहतात.

पॉवर सप्लायमधील लहान कंडेन्सर सुकल्यानेही असाच घात होतो. त्यांपैकी काही पुढे जाणाऱ्या दाबाचे मोजमाप करून त्याला आवर घालत असतात. ते सुकले की आवर सुटतो, शंभर-सव्वाशे व्होल्टांच्या जागी त्याहून बराच अधिक दाब पुढे जातो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर बळी पडतो. म्हणून जुना संच हाती घेतला की हे स्वस्त, लहान कंडेन्सर आधी बदलण्याची जाणत्या कारागिरांची रीत आहे.

आर्केडचे स्वतःचे असे एक कारणही आहे. अनेक मॉनिटरचा सांगाडा रेक्टिफायरमुळे थेट विजेशी जोडलेला असतो, आणि तो खेळाच्या बोर्डापासून अलग राहावा म्हणून पेटीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवतात, ज्यात दोन्ही वेटोळ्यांचा संबंध केवळ चुंबकीय असतो. तो जळाला म्हणून कुणी वगळला, तर मॉनिटरची आणि बोर्डाची जमीन एक होऊन बटण दाबताच फ्यूज उडतो, आणि दुर्दैवाने अनेकदा बोर्डही जातो. ‘ॲस्टरॉइड्स’ (१९७९) आणि ‘टेम्पेस्ट’ (१९८१) यांसारख्या रेषांनी चित्र काढणाऱ्या खेळांचा मॉनिटर आणखी निराळा: त्यात किरण हव्या त्या दिशेला वळवणारे मोठे प्रवर्धक असतात, त्यांच्या धन आणि ऋण पुरवठ्याला स्वतंत्र फ्यूज असतात, आणि ते गेले तर मुख्य वीजमार्गाऐवजी त्या प्रवर्धकांचे ट्रान्झिस्टर आधी तपासावे लागतात.

सिरीज बल्ब

भारतीय दुरुस्ती दुकानांतील सर्वांत साधे आणि सर्वांत उपकारक साधन म्हणजे सिरीज बोर्ड: लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि दोन्ही एकामागोमाग जोडलेले. होल्डरमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब लावून सॉकेटमध्ये संच जोडला, की संचात कितीही मोठा शॉर्ट असला तरी प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आतच राहतो, कारण बल्ब स्वतः तेवढाच प्रवाह जाऊ देतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटून राहिला तर शॉर्ट कायम आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर कंडेन्सर भरले आणि वाट मोकळी आहे. लयीत उघडझाप करत राहिला तर पॉवर सप्लाय सुरू होऊ पाहतो आहे, पण पुढील भार किंवा बल्बचा अडसर त्याला उभा राहू देत नाही. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, कारण तापल्यावर रोध वाढवणारी तार त्यात नसते. म्हणून जुने तारेचे दोन-तीन बल्ब दुकानाने जपून ठेवावेत.

दोष पॉवर सप्लायमध्ये की त्यापुढे, हे ठरवायला आउटपुट ट्रान्झिस्टरकडे जाणारा पुरवठा सोडवून त्याच्या जागी ६० वॉटचा बल्ब भार म्हणून जोडतात. बल्ब स्थिर पेटला आणि मीटरवर संचावर छापलेला दाब मिळाला, तर पॉवर सप्लाय निर्दोष असून शोध एलओटीच्या बाजूला न्यावा. दाब छापील आकड्याहून वर गेला, तर नवा ट्रान्झिस्टर लावण्याआधी तो दोष काढावा. याप्रमाणे वाट दोन भागांत तोडत गेले की शेवटी दोष एका छोट्या जागी कोंडला जातो, आणि तोवर एकही नवा फ्यूज खर्ची पडत नाही.

गावाची वीज

कधी कधी यंत्र निर्दोष असते आणि दोष बाहेरून येतो. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या गावाचा विचार केला, तर हे नीट कळते. काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावी चैत्रात मोठी यात्रा भरते, आणि कोणत्याही यात्रेत पाळणे, दुकाने व करमणुकीची यंत्रे काही दिवसांसाठी लांबवर ओढलेल्या तारांवर किंवा जनरेटरवर चालतात. लांब तारेत दाब घटतो, आणि आधुनिक प्रकारचा पॉवर सप्लाय घटत्या दाबावरही तेवढेच काम करण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो, त्यामुळे फ्यूज दिवसभर तापत राहतो. उलट जनरेटरवरचा मोठा भार एकाएकी बंद झाला, तर दाब क्षणभर उसळतो.

त्याहून गंभीर धोका तुटलेल्या न्यूट्रलचा. गावातील डीपीतून घरगुती वापरासाठी तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात; फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तर दोन फेजमध्ये सुमारे ४००. न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरील दोन घरे एकामागोमाग जोडल्यासारखी होतात, आणि ज्या घरात भार कमी असतो तिथे दाब २३० सोडून ४०० च्या दिशेने चढतो. ४०० व्होल्टचे शिखर साडेपाचशे व्होल्टांच्या पलीकडे जाते आणि फिल्टर कंडेन्सर ते सोसू शकत नाही. गल्लीतील अनेक घरांचे संच एकाच संध्याकाळी गेले असतील, तर पेचकस उचलण्याआधी महावितरणला न्यूट्रल तपासायला सांगावे.

वीज जाऊन चटकन परतण्याचाही एक तोटा आहे, जो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. सुरुवातीची लाट रोखण्यासाठी काही संचांत थंड असताना जास्त आणि गरम असताना कमी रोध देणारा थर्मिस्टर बसवलेला असतो. वीज काही सेकंदांसाठी गेली तर कंडेन्सर रिकामा होतो, पण थर्मिस्टर गरमच राहतो, आणि वीज परतताच लाट रोखायला कुणी उरत नाही. म्हणून वीज गेल्याबरोबर मॉनिटरचे बटण बंद करावे आणि ती परतून स्थिरावल्यावर, दोन-तीन मिनिटांनी चालू करावे. एवढ्या सवयीने अनेक फ्यूज वाचतात.

जीव आधी

मॉनिटरची पाठ उघडण्याआधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ व्होल्टवर साडेअकरा ज्यूलच्या आसपास ऊर्जा साठवतो आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ धरून ठेवू शकतो. ती बल्ब किंवा मोठा रोधक जोडून उतरवावी, पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे. पिक्चर ट्यूबवरील रबरी टोपणाखालचा भार ट्यूबच्या बाहेरील काळ्या लेपावरील जमिनीच्या तारेशी जोडलेल्या, चांगल्या मुठीच्या साधनाने उतरवावा. चालू संचावर मापन करायचे तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच करावे, एक हात मागे ठेवावा, आणि ट्यूबच्या मानेला धक्का लागू देऊ नये, कारण आत निर्वात असल्याने ती फुटली तर काच आत कोसळून चौफेर उडते. ज्याला हे शिकवले गेलेले नाही, त्याने फ्यूज बदलण्यापुढे जाऊ नये.

मोठ्या कारखान्यांतून पिक्चर ट्यूबचे उत्पादन आता थांबले आहे, त्यामुळे चांगली ट्यूब असलेला प्रत्येक मॉनिटर एका काळाची शिल्लक राहिलेली वस्तू आहे. दुरुस्ती शक्य नसेल तर तो भंगारात फोडू नये. त्याच्या काचेत शिसे असते आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडेच जायला हवा. दुरुस्ती शक्य असेल, तर एकच पथ्य पाळावे: फ्यूजच्या जागी जाड तार, चांदीचा कागद किंवा मोठ्या आकड्याचा फ्यूज कधीही घालू नये, कारण तसे केले की पुढच्या वेळी एका फ्यूजऐवजी अख्खे यंत्र आणि कदाचित ते ठेवलेले घरही जळेल. फ्यूज उडाला की हात थांबवावा, काच उजेडात धरावी, सिरीज बल्ब लावावा, आणि कारण सापडल्यावरच, त्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा नवा फ्यूज त्या जागी बसवावा.